सरकारी वकील असताना आपला वकील कशाला?

खून झालेल्या माणसाच्या घरचे लोक पहिल्यांदा माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात हा प्रश्न हमखास येतो. खटला सरकार चालवणार, सरकारी वकील न्यायालयात उभे राहणार, आरोपीविरुद्ध बोलणार. मग घरच्यांनी वेगळा वकील देऊन खर्चात कशाला पडायचे? मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला अनेकदा द्यावे लागते. ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

खटल्याच्या कागदांवर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ असे लिहून पुढे आरोपीचे नाव असते. मृताचे नाव त्या मथळ्यात नसते आणि त्याच्या घरच्यांचेही नसते. घरच्यांपैकी एखादा फिर्यादी असतो, दोघे-तिघे साक्षीदार असतात, आणि बाकीच्यांना त्या दालनात मागच्या बाकावर बसण्यापलीकडे काही स्थान नाही, अशीच समजूत वर्षानुवर्षे होती. ती पूर्णपणे चुकीचीही नव्हती. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २००९ पासून ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या अमलात आली आणि तिच्यात पीडिताचा पालक व कायदेशीर वारस यांचाही समावेश झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ही व्याख्या कायम ठेवली आहे. म्हणजे खुनाच्या प्रकरणात मृताची पत्नी, आई, मुलगा हे कायद्याच्या भाषेत स्वतःच पीडित आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात २८,५२२ आणि महाराष्ट्रात २,२९५ खून नोंदले गेले. त्या आकड्यांमागच्या बहुतेक घरांमध्ये असे वारस आहेत, आणि आपल्याला काही हक्क आहेत हे त्यांना सहसा कोणी सांगितलेले नसते.

माझे उत्तर थोडक्यात असे, की या व्याख्येमुळे मिळालेले बहुतेक हक्क मागितल्याखेरीज मिळत नाहीत, आणि ते वेळेवर मागायचे तर घरच्यांच्या बाजूने कोणाचे तरी वकीलपत्र न्यायालयात दाखल असावे लागते. नव्या संहितेचे कलम २३० हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. पोलिसांच्या दोषारोपपत्राची आणि सोबतच्या कागदांची प्रत आरोपी न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांच्या आत आरोपीला आणि पीडितालाही विनामूल्य द्यावी, असे हे कलम सांगते. मात्र पीडिताच्या बाबतीत त्याने वकील दिलेला असेल तर, अशी अट घातलेली आहे. आरोपीसाठी ही अट नाही. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला तपासात काय सापडले, कोणाचे जबाब झाले, कोणते कलम लागले आणि कोणते गळले, हे वाचायचे असेल तर वकीलपत्राची पायरी चढावीच लागते. ही अट मला पटत नाही. पण ती आहे, आणि तिच्याप्रमाणे वागावे लागते.

वकिलाचा विषय निघण्याआधीचे पहिले काही दिवस मात्र घरच्यांना बहुधा एकट्यानेच काढावे लागतात, आणि खटल्याचा निकाल कुठे झुकणार हे पुष्कळदा त्याच दिवसांत ठरते. प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क पूर्वी फक्त खबर देणाऱ्याला होता. आता तो पीडितालाही आहे. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, ठाण्याने खबर नोंदवून घ्यायचीच असते आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाच्या पाहणीचा पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने राखून ठेवणे, या गोष्टी पोलीस आणि डॉक्टर करतात. त्यांत घरच्यांनी मृतदेह ओळखणे आणि ताब्यात घेणे एवढेच असते. कोणत्या कागदावर कशासाठी सही घेतली जात आहे, हे विचारण्यात काहीही गैर नाही. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचे कारण राखून ठेवले असेल, तर रासायनिक विश्लेषणाचा अहवाल येईपर्यंत विम्याचे आणि अनुदानाचे दावे अडकतात, म्हणून त्या अहवालाचा पाठपुरावा तपासी अंमलदाराकडे लेखी अर्जाने करत राहावा.

जबाबाविषयी मी जरा जास्त लिहिते, कारण उलटतपासणीत सर्वांत जास्त नुकसान इथेच होताना मी पाहिले आहे. दुःखाच्या पहिल्या धक्क्यात दिलेला जबाब तुटक असतो. मृताला आधी धमकी आली होती, बांधावरून भांडण झाले होते, आरोपी आदल्या संध्याकाळी घरी येऊन गेला होता, अशा गोष्टी त्या क्षणी आठवत नाहीत किंवा सांगायच्या राहून जातात. पुढे दोन-तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात त्या पहिल्यांदा बाहेर आल्या, की बचाव पक्षाचा वकील ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितले नव्हते’ एवढेच विचारतो, आणि खरी गोष्टही मागाहून रचलेली वाटू लागते. यावर उपाय साधा आहे. आठवल्यावर लगेच, शक्य तर त्याच आठवड्यात, पुरवणी जबाब घ्यावा असा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तपासादरम्यान पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, त्यामुळे तो वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. आणि घरातल्या स्त्रियांना, ६० वर्षांवरच्या पुरुषांना, १५ वर्षांखालच्या मुलांना, आजारी किंवा अपंग माणसांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. मातम चालू असलेल्या घरातल्या आजीला रिक्षात घालून ठाण्यात नेण्याची काहीएक गरज नसते.

खून घरातच झाला असेल तर आणखी एक प्रसंग येतो, ज्याविषयी कोणी लिहीत नाही. पंचनामा होईपर्यंत खोली बंद असते, मग पोलीस ती उघडून देतात, आणि भिंती-फरशी धुण्याचे काम घरच्यांवरच पडते. आपल्याकडे त्यासाठी कोणतीही सरकारी व्यवस्था नाही. शेजारी किंवा भावकीतल्या दोघा-चौघांनी हे काम पत्करावे आणि मृताच्या अगदी जवळच्या माणसांना त्या वेळी दुसरीकडे ठेवावे, असे मी नेहमी सुचवते. मात्र तपासी अंमलदाराने लेखी परवानगी दिल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

मृताच्या अंगावरचे दागिने, मोबाइल, दुचाकी हे सारे मुद्देमाल म्हणून जमा होते. बऱ्याच घरांना वाटते, की आता हे खटला संपल्यावरच मिळणार. तसे नाही. पुराव्यासाठी मूळ वस्तू लागणार नसेल तर छायाचित्रे काढून, पंचनामा करून आणि बंधपत्र घेऊन ती सुपूर्द करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच मुद्देमाल वर्षानुवर्षे ठाण्यात कुजत ठेवू नये असे बजावले आहे आणि नव्या संहितेत त्यासाठी ठरावीक मुदतीही आल्या आहेत. रक्ताने माखलेले कपडे किंवा हत्यार मिळणार नाही हे उघड आहे, पण ज्या दुचाकीवर घरातल्या धाकट्याचे कामावर जाणे अवलंबून आहे ती अडून राहण्याचे कारण नाही. अर्ज मात्र न्यायालयात करावा लागतो, आणि इथेही पुन्हा वकील आला.

तो वकील विनामूल्य मिळू शकतो, ही माहिती फार थोड्या घरांपर्यंत पोहोचलेली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्य मिळते. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणजे मृताची आई किंवा पत्नी अर्जदार झाली, की उत्पन्नाचा दाखला आणण्याचा प्रश्नच राहत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, तालुक्याला समिती असते आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. ‘फुकटचा वकील काय कामाचा’ ही शंका मला तोंडावर विचारली गेली आहे, आणि मी तिचा राग मानत नाही. वकील बदलून मागण्याचा अर्जही तिथेच करता येतो, एवढे त्या घराला सांगते.

घरच्यांच्या वकिलाला काय करता येते आणि काय नाही, हे आधीच समजून घेतले तर पुढे निराशा कमी होते. सत्र न्यायालयात खुनाचा खटला सरकारी वकीलच चालवतात. पीडिताच्या वकिलाने त्यांना साहाय्य करायचे असते, आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देता येतो. साक्षीदारांची थेट तपासणी-उलटतपासणी करण्याचा किंवा तोंडी युक्तिवाद करण्याचा स्वतंत्र हक्क त्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. ऐकायला हे फार थोडे वाटते. प्रत्यक्षात, अनेक खटल्यांचा भार वाहणाऱ्या सरकारी वकिलाला एखाद्या साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारायला हवा, कोणता कागद दाखल व्हायचा राहिला आहे, कोणता साक्षीदार गाव सोडून गेला आहे, हे वेळेवर आणि लेखी सांगणारा माणूस मिळणे ही मोठी गोष्ट असते. चांगले सरकारी वकील अशा मदतीचे स्वागत करतात.

महाराष्ट्रात एखादी हत्या गाजली, की विशेष सरकारी वकिलाची मागणी पुढे येते. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाल्यावर कुटुंबीयांनी आणि गावकऱ्यांनी ही मागणी लावून धरली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली. किमान १० वर्षे वकिली केलेल्या कोणालाही सरकार अशा प्रकारे नेमू शकते आणि ही मागणी करण्यात गैर काही नाही. पण माझे मत असे आहे, की ज्या घरामागे आंदोलन उभे नाही, त्या घराने मंत्रालयाच्या फेऱ्यांत पहिले सहा महिने घालवण्यापेक्षा वकीलपत्र, पुरवणी जबाब आणि जामिनाला विरोध या तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

जामिनाचे विशेष लिहायला हवे. खुनाच्या गुन्ह्यात अटकेनंतर न्यायालयाने आरोपीला पहिली कोठडी दिल्यापासून ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्कच मिळतो. त्यात न्यायाधीशांनी कोणाची बाजू घेतलेली नसते, पोलिसांची मुदत टळलेली असते. त्याच ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याचे बंधन नव्या संहितेच्या कलम १९३ ने पोलिसांवर घातले आहे, मग ते मोबाइलवरच्या संदेशाने का असेना. पंच्याहत्तराव्या दिवसाच्या सुमारास ‘तपास कुठवर आला’ असा एक साधा लेखी अर्ज ठाण्यात आणि त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना दिली, तर पुष्कळदा काम हलते. गुणवत्तेवरच्या, म्हणजे मुदत टळल्याच्या कारणावर नसलेल्या, जामीन अर्जात घरच्यांना ऐकून घेतले जावे, यासाठी लखीमपूर खेरी प्रकरणातला १८ एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधाराला आहे. शेतकऱ्यांच्या मृत्यूच्या त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेला जामीन रद्द करताना, तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर सहभागी होण्याचा हक्क पीडिताला आहे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही खुनाच्या साध्या प्रकरणात जामीन अर्जाची नोटीस आपणहून घरी येईल, या भरवशावर राहता येत नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून ठेवावा आणि तारखा स्वतः पाहाव्यात. जामिनाचा अर्ज स्वतंत्र क्रमांकाने दाखल होत असल्याने आरोपीच्या नावानेही शोध घ्यावा, आणि अर्ज दिसला की वकिलामार्फत हस्तक्षेप अर्ज द्यावा.

एक गोष्ट घरच्यांच्या मनाला फार लागते. खटला सुरू झाल्यावर मृताची आई प्रत्येक तारखेला येऊन बसते आणि शिपाई तिला बाहेर जायला सांगतो. ती स्वतः साक्षीदार असेल, तर तिची साक्ष होईपर्यंत इतरांची साक्ष तिने ऐकू नये असा दंडक आहे, आणि तो तिच्याच साक्षीच्या बळकटीसाठी आहे. हे कोणीतरी आधी समजावून सांगितले तर अपमान वाटत नाही. बाहेरच्या व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईकही तिथेच उभे असतात, चहाही एकाच टपरीवर घ्यावा लागतो. वेगळ्या खोलीची सोय सगळीकडे नाही. ज्या न्यायालयांत असुरक्षित साक्षीदारांसाठी कक्ष आहे, तिथे त्याची मागणी जरूर करावी.

त्या व्हरांड्यातच ‘मिटवून घ्या’ हा शब्द पहिल्यांदा कानावर येतो. खून हा तडजोडीने मिटवता येणारा गुन्हा नाही. घरच्यांनी कितीही प्रतिज्ञापत्रे लिहून दिली तरी खटला बंद होत नाही; फक्त साक्षीदार फितूर होतात आणि आरोपी पुराव्याअभावी सुटतो. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा स्वतंत्र दखलपात्र गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तिच्याकडे अर्ज केल्यावर पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामकाजी दिवसांत द्यायचा असतो, आणि एका वेळी तीन महिन्यांपर्यंत संरक्षण मिळू शकते. अर्जात धमकीची तारीख, वेळ, फोन क्रमांक लिहिलेला असेल तर तो टिकतो. ‘आम्हाला भीती वाटते’ एवढ्यावर सहसा काही होत नाही.

पैशाचा विषय काढला, की घरात एक अवघडलेपण येते. गेलेल्या माणसाचे पैसे घ्यायचे का, भरपाई घेतली म्हणजे आपण प्रकरण सोडून दिले असे होईल का, असे प्रश्न वडीलधारे विचारतात. त्यांना सांगावे लागते, की ही रक्कम आरोपीकडून येत नाही आणि तिचा खटल्याच्या निकालाशी संबंध नाही. संहितेच्या कलम ३९६ खाली राज्याच्या पीडित भरपाई योजनेतून ती मिळते. महाराष्ट्राची अशी योजना २०१४ पासून आहे. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी मृतावर अवलंबून असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. मृत व्यक्ती स्त्री असेल, तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत मृत्यूसाठी ५ ते १० लाख रुपयांची तरतूद आहे. ‘मनोधैर्य’ हे नाव अनेकांच्या तोंडी असते, पण ती योजना मुख्यतः बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांच्यासाठी आहे. केवळ खुनाच्या प्रकरणात तिच्या मागे लागून वेळ घालवू नये. याशिवाय शिक्षा सुनावताना न्यायालय आरोपीलाच भरपाई द्यायला लावू शकते, आणि प्रत्येक फौजदारी खटल्यात या प्रश्नाचा विचार करणे न्यायालयावर बंधनकारक आहे असे महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. तरीही शिक्षेच्या सुनावणीत हा मुद्दा कोणी काढला नाही तर तो राहून जातो.

इतर वाटांबद्दल लोकांना जवळजवळ काहीच माहीत नसते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतल्या अपघातांच्या यादीत खून हाही आहे, हे ऐकून तलाठ्यांनाही नवल वाटलेले मी पाहिले आहे. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याचा खून झाला आणि तो लाभ मिळणाऱ्या जवळच्या व्यक्तीनेच केलेला नसेल, तर वारसांना २ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा असतो आणि त्याला सातबारा, ६-क ची वारस नोंद, प्रथम खबरी अहवाल व शवविच्छेदनाचा अहवाल जोडावा लागतो. तेरावे होईपर्यंत थांबले तर निम्मी मुदत जाते. मृताच्या बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास २० रुपये आणि ४३६ रुपये वजा झालेले दिसतात का, तेही पाहावे. पहिली नोंद पंतप्रधान सुरक्षा विम्याची आणि दुसरी जीवनज्योती विम्याची. दोन्हींची रक्कम २ लाख आहे, आणि सुरक्षा विम्यात खुनाने आलेला मृत्यू धरला जातो. रिक्षा लुबाडण्यासाठी रिक्षाचालकाचा खून झाला असेल, तर मोटार अपघात न्यायाधिकरणातही दावा होऊ शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, निराधार विधवेला संजय गांधी योजनेचे दरमहा १,५०० आणि मुलांसाठी बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये, अशी ही तुटपुंजी यादी आहे. तुटपुंजी असली तरी ती मागावी, कारण खटला चालतो त्या काळात घर चालवायचे असते.

अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो तिथे चित्र बरेच वेगळे आहे. २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे खुनासाठी ८ लाख २५ हजार रुपये, त्यातले निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. शिवाय विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा ५,००० रुपये मूळ निवृत्तिवेतन व त्यावर महागाई भत्ता, घरातल्या एकाला नोकरी आणि मुलांचे पदवीपर्यंतचे शिक्षण. कलम १५-अ ने जामिनापासून पॅरोलपर्यंत प्रत्येक कामकाजाची सूचना मिळण्याचा आणि ऐकून घेतले जाण्याचा हक्क दिला आहे, आणि तो डावलून दिलेला जामीन टिकत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दाखवून दिले. मला नेहमी वाटते, की सगळ्याच खुनांतल्या घरच्यांना किमान सूचनेचा हा हक्क मिळायला काय हरकत आहे? या कायद्याचा लाभ घ्यायचा तर त्याची कलमे पहिल्याच दिवशी खबरीत यायला हवीत. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एकाच दलित कुटुंबातले चौघे मारले गेले. आरोपींना खुनासाठी शिक्षा झाली, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे न्यायालयात टिकली नाहीत. आर्थिक साहाय्य शिक्षेवर अवलंबून नसते, तरी जातीचा हेतू दाखवणारे शब्द आणि प्रसंग जबाबात आलेच नाहीत तर पुढचा सगळा मार्ग अरुंद होतो.

नवऱ्याने बायकोला मारले, अशा प्रकरणांत सर्वांत अवघड प्रश्न मुलांचा असतो. मुले बहुधा आरोपीच्या आई-वडिलांच्या घरी राहतात आणि पुष्कळदा तीच प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असतात. आजोळच्यांनी अशा वेळी बाल कल्याण समितीकडे लगेच जावे. १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला तरी चालतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला मृताच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, हेही त्या माणसांना माहीत असावे, कारण तिच्या नावची ठेव किंवा घर परस्पर त्याच्याकडे वळवण्याचे प्रयत्न होतात.

मनाच्या आधाराविषयी आपली व्यवस्था फारच उणी आहे. इंग्लंड व वेल्समध्ये पोलीस अशा कुटुंबासाठी संपर्क अधिकारी नेमतात आणि ‘व्हिक्टिम सपोर्ट’ ही संस्था खास खून झालेल्यांच्या कुटुंबांसाठी सेवा चालवते. आपल्याकडे ते काम कुठे एखादा भला पैरवी हवालदार, म्हणजे पोलिसांच्या वतीने न्यायालयातले काम पाहणारा हवालदार, आपणहून करतो, कुठे कोणीच करत नाही. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. घरातल्या मुलांची झोप उडाली असेल, एखादा तरुण बदल्याची भाषा सतत बोलत असेल, तर समजूत घालत बसण्यापेक्षा हा फोन आधी करावा.

निकालानंतर आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर घरच्यांना स्वतः अपील करता येते आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०१८ रोजी ठरवले. २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटल्यावर मृतांच्या नातेवाइकांनी मुंबई उच्च न्यायालयात अपील केले ते याच हक्काच्या आधारे. केवळ शिक्षा कमी वाटते म्हणून मात्र घरच्यांना असे अपील करता येत नाही. तो अधिकार सरकारचा आहे. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकावा.

शिक्षा लागून प्रकरण संपले असे वाटते, आणि चार-पाच वर्षांनी आरोपी गावच्या जत्रेत दिसतो. तो पळून आलेला नसतो. संचित रजेवर किंवा अभिवचन रजेवर, म्हणजे फर्लोवर किंवा पॅरोलवर, आलेला असतो. साध्या खुनाच्या प्रकरणात ही रजा देण्याआधी घरच्यांना कळवण्याचा सर्वसाधारण हक्क कायद्यात नाही. पण रजा मंजूर करण्याआधी स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो. म्हणून शिक्षा लागल्यावर संबंधित कारागृह अधीक्षकांना आणि आपल्या पोलीस ठाण्याला एक अर्ज देऊन ठेवावा, की रजेच्या किंवा शिक्षामाफीच्या प्रस्तावावर आमचे म्हणणे घ्यावे. त्यात साक्षीदारांची नावे, पूर्वीच्या धमक्यांच्या तक्रारींचे क्रमांक आणि आपला चालू फोन क्रमांक लिहावा, आणि ठाण्यातले अधिकारी बदलले की तोच अर्ज नव्या तारखेने पुन्हा द्यावा.